खुर्चीत बसण्याआधी कपाट उघडा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. नव्या प्राचार्यांना, विभागप्रमुखांना, विद्यापीठातल्या अधिष्ठात्यांना (डीनना) कामाची ओळख कोण करून देणार आणि कशी? मोठ्या शहरात शेजारच्या महाविद्यालयात जाऊन विचारता येतं. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बहुतेक वेळा एकच अनुदानित महाविद्यालय असतं आणि उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय नागपूरला किंवा अमरावतीला. ही अडचण धरूनच उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची आणि महाविद्यालयांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : गेल्या आठवड्यात प्राचार्य म्हणून रुजू झालो. आधीचे सर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. माझ्यासमोर दोन पानांची पदभार यादी आली. बडे बाबू (मुख्य लिपिक) म्हणतात, "सर, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी पाहून घेतो." सही करू का? (यवतमाळ जिल्हा)

आज करू नका. यात बडे बाबूंवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही, हे त्यांनाही मोकळेपणानं सांगा. पदभार यादीवरची सही म्हणजे "एवढं माझ्या ताब्यात आलं" ही कबुली. दोन वर्षांनी लेखापरीक्षणात एखादा प्रोजेक्टर सापडला नाही, तर उत्तर बडे बाबूंना नाही, तुम्हाला द्यावं लागेल.

आधीचे प्राचार्य समोर नसतील, तर एकतर्फी पदभाराची रीत वापरा. संस्थेला लेखी कळवून तीन जणांची समिती मागा : एक ज्येष्ठ प्राध्यापक, ग्रंथपाल आणि कार्यालयातली एक व्यक्ती. कपाटं या तिघांसमोर उघडा, जे निघेल त्याची यादी जागेवरच करा आणि प्रत्येक पानावर चौघांच्या सह्या घ्या. जे यादीत आहे पण सापडलं नाही, त्याचं वेगळं पान करा. ते पान संस्थेला आणि आधीच्या प्राचार्यांना पोचदेय डाकेनं पाठवा. भांडणाचा सूर नको, "कृपया खुलासा मिळावा" एवढंच.

पैशापासून सुरुवात करा. पदभाराच्या दिवशीची कॅशबुकमधली शिल्लक आकड्यांत आणि अक्षरांत लिहून खाली सही करा. प्रत्येक बँक खात्याची त्या दिवशीची शिल्लक काढून कॅशबुकशी ताळमेळ घाला. न वापरलेल्या धनादेशांचे क्रमांक, पावती पुस्तकांचे क्रमांक आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखे टीसीचे कोरे फॉर्म कितीपासून कितीपर्यंत आहेत, हे उतरवा. धनादेश पुस्तकात आधीच सही केलेला कोरा धनादेश निघाला, तर तिघांसमोर आडवी रेघ मारून रद्द करा आणि तशी नोंद ठेवा.

डेड स्टॉकची (फर्निचर, यंत्रं अशा टिकाऊ वस्तूंची) सगळी मोजणी पहिल्या आठवड्यात होत नाही, ती उन्हाळ्यात करा. आत्ता दोन्ही बाजूंनी नमुना तपासा. नोंदवहीतल्या २० वस्तू निवडून त्या खोलीत शोधा, मग खोल्यांतल्या २० वस्तू निवडून त्या नोंदवहीत शोधा. पहिल्या तपासणीत हरवलेलं कळतं. दुसरीत नोंदच न झालेलं कळतं, आणि देणगीत आलेल्या संगणकांच्या बाबतीत हे वारंवार होतं.

यानंतर बाकीचे कागद : सेवापुस्तकांची संख्या, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाची नोंदवही) शेवटची कधी तपासून आली, लेखापरीक्षणाचे किती आक्षेप उत्तराविना आहेत, किती अनुदानांची उपयोगिता प्रमाणपत्रं द्यायची राहिली, आणि नागपूर खंडपीठात किंवा न्यायाधिकरणात कोणत्या प्रकरणाची पुढची तारीख काय आहे. न्यायालयाची तारीख चुकली तर आदेश एकतर्फी होऊ शकतो, म्हणून हे पहिल्याच दिवशी विचारा.

आता ज्या गोष्टीची पदभार यादीत ओळसुद्धा नसते, ती पाहू. एचटीई सेवार्थ (पगाराची देयकं), महाडीबीटी (शिष्यवृत्ती), विद्यापीठाचं पोर्टल, नॅक (महाविद्यालयाचं मूल्यांकन), एआयएसएचई (उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण), जेम (सरकारी खरेदी), आयकराचं खातं या प्रत्येकाला एक मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. तो बहुधा निवृत्त झालेल्या सरांचा असतो. महिन्याचं वेतन देयक भरायला बाबू बसतात, ओटीपी पुण्याला जातो, सर नातवाला घेऊन बागेत गेलेले असतात आणि इकडे ४० जणांचा पगार अडतो. एका कागदावर पाच रकाने आखा : पोर्टल, वापरकर्ता नाव, जोडलेला मोबाइल, जोडलेला ईमेल, काम कोण करतं. पासवर्ड या कागदावर लिहू नका, तो बंद लिफाफ्यात तुमच्या कपाटात राहू द्या. महाविद्यालयाच्या नावानं एक सिम घ्या आणि सगळी पोर्टल्स हळूहळू त्यावर आणा. क्रमांक बदलण्यासाठी काही ठिकाणी नेमणूक आदेश आणि विद्यापीठाची मान्यता मागतात, म्हणून दोन्हींच्या स्कॅन केलेल्या प्रती हाताशी ठेवा.

डिजिटल सहीचा डोंगल कपाटात सापडला आणि तो आधीच्या सरांच्या नावाचा असेल, तर तो वापरायचा नाही. "महिनाभर चालवू" असं कुणी म्हणालं तरी नाही. ती त्यांची सही आहे. त्यांना कळवून तो रद्द करून घ्या आणि स्वतःच्या नावाचा काढा.

बँकेत सही बदलायला संस्थेचा ठराव, नमुना सही आणि केवायसी लागतं. तुमची नमुना सही सहसंचालक कार्यालयातही जायला हवी. ही दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू करा. एकामागून एक केलीत तर पहिला पगार हमखास लांबतो.

आणखी एक. पहिल्या पंधरवड्यात "सर, एवढ्यावर मागची तारीख टाकून सही द्या" असा एखादा कागद येतोच. तुम्ही रुजू झाला त्याच्या आधीच्या तारखेची सही कशावरच करू नका. आजची तारीख टाका आणि विलंबाचं कारण लिहा. उशीर खुलाशानं मिटतो. खोट्या तारखेला खुलासा नसतो.

प्रश्न : विद्यापीठात नव्या अधिष्ठात्यांसाठी, विभागप्रमुखांसाठी आणि प्राचार्यांसाठी दोन दिवसांचा उद्बोधन वर्ग आम्ही दरवर्षी घेतो. उद्घाटन, सत्कार, चार व्याख्यानं, जेवण, प्रमाणपत्र. सहा महिन्यांनी त्याच लोकांकडून त्याच चुकीच्या फाइली येतात. कुठं चुकतं?

वर्ग चुकीच्या वेळी होतो आणि त्यात कागद नसतो. रुजू होऊन आठ महिने झालेल्या माणसाला पदभार कसा घ्यावा हे सांगून उपयोग नाही, आणि परवा रुजू होणाऱ्याला नॅकचे निकष ऐकवले तर त्यातलं काही डोक्यात राहत नाही.

दोन दिवस तेच ठेवा, पण तोडून वाटा. पहिला अर्धा दिवस रुजू होण्याआधी किंवा त्याच आठवड्यात : फक्त पदभार, सह्या, पोर्टल्स. दुसरा अर्धा दिवस साधारण महिन्यानं : कार्यभार, तासिका तत्त्वावरच्या (तासाच्या हिशेबानं मानधनाच्या) नेमणुका, महाविद्यालय विकास समिती. तिसरा तीन महिन्यांनी : अंदाजपत्रक, खरेदी, माहिती अधिकार, तक्रारी. चौथा परीक्षेच्या आधी. एका गटात २५ पेक्षा जास्त लोक नकोत, कारण मग कुणी प्रश्न विचारत नाही.

व्याख्यानाऐवजी फाइल द्या. विद्यापीठातून परत गेलेले दहा प्रस्ताव घ्या, नावं झाका, आणि "हा का परत गेला?" हे चौघांच्या गटाला शोधायला सांगा. नेमणुकीचा प्रस्ताव, रजेचा प्रस्ताव, पदोन्नतीचा प्रस्ताव. अर्ध्या तासात लोक जे शिकतात ते दोन तासांच्या भाषणात शिकत नाहीत. आणि ज्या टेबलावरून त्या फाइली परत गेल्या, त्या कक्षाधिकाऱ्यांना त्या सत्रात बसवा. कुलगुरूंचं भाषण दहा मिनिटांत आटोपू द्या. कक्षाधिकाऱ्यांना दीड तास द्या.

अधिष्ठात्यांसाठी वेगळं सत्र हवं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात विद्याशाखा चार आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. अधिष्ठाता हा निवड समितीमार्फत नेमलेला पूर्णवेळ अधिकारी आहे. तरीही अभ्यास मंडळाचे अध्यक्ष, विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांच्यात "ही सही कुणाची" हा गोंधळ चालूच राहतो. एका पानाचा तक्ता छापून द्या : अभ्यासक्रमातला बदल अभ्यास मंडळातून विद्याशाखेकडे आणि तिथून विद्या परिषदेकडे कसा जातो, आणि कोणत्या टप्प्यावर कुणी किती दिवसांत काय करायचं. निकालाचंही तसंच. शेवटच्या पेपरापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावण्याची तरतूद याच कायद्यात आहे. मूल्यांकनाला प्राध्यापक न सोडणाऱ्या प्राचार्यांना हे आकडे कुणी सांगितलेलेच नसतात.

अंतराचाही विचार करा. गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात सिरोंचाहून गडचिरोली २०० किलोमीटरच्या आसपास आहे. अर्ध्या दिवसाच्या वर्गासाठी तिथल्या प्राचार्यांचे दोन दिवस जातात. दक्षिणेकडच्या तालुक्यांचा वर्ग अहेरीला घ्या. पाच-सहा लोकच येतील, तरी घ्या.

प्रत्येक नव्या प्राचार्याला एक अनुभवी प्राचार्य जोडून द्या, पण दुसऱ्या संस्थेतला. स्वतःच्याच संस्थेतल्या ज्येष्ठाला "मला कॅशबुक कळत नाही" हे सांगायला माणूस कचरतो.

प्रश्न : मी विभागप्रमुख झाले. विभागात आम्ही तिघं. त्यातले एक सर माझ्याहून ११ वर्षांनी मोठे, मला शिकवलेले. त्यांना तास कसे वाटून देऊ? आणि नव्या अभ्यासक्रमात वेळापत्रक काही केल्या जुळत नाही. (बुलडाणा जिल्हा)

आधी दुसरा प्रश्न. त्याची बेरीज नीट झाली की पहिला अर्धा सुटतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४ तास. हे घड्याळी तास आहेत. तुमच्याकडे तासिका ४८ मिनिटांची असेल तर १६ तास म्हणजे २० तासिका आणि १४ तास म्हणजे साडेसतरा. म्हणजे दोन सहायक आणि एक सहयोगी मिळून साधारण ५८ तासिका. तुमच्या सगळ्या विषयपत्रिकांच्या (पेपरांच्या) मिळून ७२ होत असतील तर १४ उरतात, आणि तेवढीच मागणी तासिका तत्त्वावरच्या अध्यापकासाठी करायची. ही मागणी कार्यभाराच्या तक्त्यासह सत्र सुरू होण्याआधी गेली पाहिजे. जुलैत पाठवली तर पोळ्यापर्यंत वर्ग रिकामा बसतो.

आता श्रेयांक (क्रेडिट). संलग्न महाविद्यालयांत पदवीला नव्या शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून आली. सिद्धांताचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. ४ श्रेयांकांची विषयपत्रिका म्हणजे ६० तास, म्हणजे ४८ मिनिटांच्या ७५ तासिका. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ५ लागतात. "४ श्रेयांक म्हणून ४ तासिका" असं वेळापत्रक अनेक ठिकाणी लावलेलं दिसतं. त्यात सत्राअखेर ६० तासिका, म्हणजे ४८च तास होतात. १२ तास कमी पडतात, आणि ते कळतं तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. तुमचं वेळापत्रक बहुतेक इथंच अडलं आहे. मात्र तुमच्या विद्यापीठाच्या निर्देशात तासिका ६० मिनिटांची धरली आहे का, ते आधी पाहा. असेल तर आठवड्याला ४ बरोबर आहेत.

विद्यार्थी कधी येतात हेही वेळापत्रकातच बसवावं लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापसाची वेचणी. वेचणी बहुतेक बायांच्या हातची, त्यामुळे त्या दिवसांत वर्गात मुलीच आधी कमी होतात. पहिली अंतर्गत चाचणी पोळ्याच्या आधी उरका आणि गृहपाठ, प्रकल्प सादर करण्याची तारीख वेचणीच्या भरात टाकू नका. दुपारची प्रात्यक्षिकं शेवटच्या एसटीच्या वेळेशी ताडून पाहा. बस साडेचारला सुटत असेल तर चारनंतर लावलेलं प्रात्यक्षिक फक्त गावात राहणाऱ्यांचं होतं. बसची वेळ बदलून हवी असेल तर आगार व्यवस्थापकांना पत्र जूनमध्येच द्या, सोबत गावनिहाय विद्यार्थी संख्या जोडा. संख्येशिवाय गेलेल्या पत्राचं काही होत नाही.

आता सर. तयार वेळापत्रक त्यांच्या हातात देऊ नका. बेरजेचा कागद घेऊन त्यांच्या खोलीत जा, त्यांना तुमच्या खोलीत बोलावू नका. "सर, एवढ्या तासिका आहेत, तुमच्या वाट्याच्या साडेसतरा. कोणत्या विषयपत्रिका घ्याल?" असं विचारा. आकडा नियमाचा आहे, तुमचा नाही, हे त्यांना दिसू द्या. ठरलेलं विभागाच्या बैठकीच्या नोंदवहीत लिहा, तिघांच्या सह्या घ्या. बोलताना ते सरच राहतील, आदेशाखाली मात्र "विभागप्रमुख" एवढीच सही असेल.

एक चूक नव्या विभागप्रमुख, विशेषतः मॅडम, फार करतात. संकोचापोटी कुणाला नको असलेल्या तासिका स्वतःकडे घेतात, आणि मग २४ तासिका, हजेरी, पालक सभा, नॅकचे तक्ते सगळं एकाच अंगावर येतं. तसं करू नका.

प्रश्न : विभागप्रमुख झाल्याबरोबर मला (लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या) अंतर्गत तक्रार समितीचं अध्यक्ष केलं, कारण "ज्येष्ठ महिला तुम्हीच." हे चालतं का?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत विभागप्रमुखांसारख्या प्रशासकीय पदावरच्या व्यक्ती या समितीवर नसाव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे, कारण समिती प्रशासनापासून मोकळी राहिली पाहिजे. प्राचार्यांना हे लेखी कळवा. महाविद्यालयात अध्यक्षपदी किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची महिला हवी. तुमच्याकडे दुसरी नसेल तर संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयातून घेता येते. निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरची हवी. रचना चुकलेली असेल तर समितीनं दिलेला अहवालच आव्हानात पडतो, आणि तक्रार करणाऱ्या मुलीला सगळं पुन्हा सांगावं लागतं. म्हणून तक्रार येण्याची वाट न पाहता आत्ताच दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : प्राचार्यपदासाठीचं प्रशिक्षण कुठं मिळतं? पदोन्नतीसाठी केलेला २१ दिवसांचा वर्ग चालेल का?

तो वर्ग अध्यापकासाठी आहे, कार्यालय चालवायला त्याचा फारसा उपयोग नाही. नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांत मालवीय मिशनची (केंद्र सरकारच्या योजनेची) शिक्षक प्रशिक्षण केंद्रं आहेत, त्यांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा. दिल्लीची नीपा ही शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची राष्ट्रीय संस्था प्राचार्यांसाठी नेतृत्वाचे वर्ग घेते. पण वेतन देयक, बिंदुनामावली, कोषागार ही महाराष्ट्राची कामं तिथं शिकायला मिळणार नाहीत. ती सहसंचालक कार्यालयातच, संबंधित टेबलाशेजारी बसून शिकावी लागतात. एक पूर्ण दिवस ठरवून जा, सोबत तुमच्या बाबूंना न्या.

प्रश्न : मी महाविद्यालयात मुख्य लिपिक. नवीन प्राचार्य मॅडम आल्या, प्रामाणिक आहेत, रोज विचारतात. मी सांगतो. पण पुढच्या वर्षी मीच निवृत्त होतोय. माझ्या डोक्यातलं कागदावर कसं आणू? (वाशीम जिल्हा)

हे पत्र आम्ही दोनदा वाचलं. प्राचार्यांची नेमणूक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे ५ वर्षांची असते, फार तर आणखी एकदा ५ वर्षं. कार्यालयातला माणूस तीस वर्षं असतो. नव्या प्राचार्यांचं खरं शिक्षण तुमच्यासारख्यांच्याच हातून होतं.

२०० पानी वही घ्या. प्रत्येक महिन्याला दहा पानं द्या. काम करताना त्याच दिवशी लिहा, आठवून लिहायला बसलात तर निम्मं सुटेल. प्रत्येक कामाला चार ओळी पुरतात : काय, कोणत्या कार्यालयात, सोबत कोणते कागद, आणि गेल्या वेळी कशामुळं परत आलं. चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती कोणत्याच शासन निर्णयात मिळत नाही.

जुलैच्या पानावर १ तारखेची वेतनवाढ आणि ३१ तारखेपर्यंतचं टीडीएसचं (कापून भरलेल्या आयकराचं) तिमाही विवरण येईल. तेच पुढं ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे ला. चुकलं तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागतं, आणि ते अनुदानातून भरता येत नाही. महाविद्यालय विकास समितीच्या वर्षाला किमान चार बैठका व्हायला हव्यात. कोणत्या महिन्यात कोणता विषय ठेवायचा तेही लिहा. प्राचार्य या समितीच्या सदस्य-सचिव असतात, म्हणजे सूचना आणि इतिवृत्त मॅडमच्याच सहीनं जातं.

माहिती अधिकाराला एक वेगळं पान द्या. उत्तर ३० दिवसांत. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडं पाठवायचा. पहिलं उत्तर जनमाहिती अधिकाऱ्याच्या सहीनं जाऊ द्या. नव्या प्राचार्य उत्साहानं स्वतःच उत्तर देतात, आणि मग अपील आलं की ऐकणार कोण, कारण प्रथम अपिलीय अधिकारी बहुतेक महाविद्यालयांत त्याच असतात. दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, आणि तो जनमाहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो.

शिष्यवृत्तीचं पान आठवड्याच्या हिशेबानं लिहा. महाडीबीटीवर अर्ज आधी लिपिकाच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग समाजकल्याणकडे किंवा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे. मधल्या दोन लॉगिनला किती अर्ज अडकले, हा आकडा दर सोमवारी मॅडमसमोर ठेवा. बँक खात्याला आधार जोडलेलं नसणं आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असणं या दोन कारणांनी सर्वाधिक अर्ज अडतात. ती नावं फळ्यावर लावण्यापेक्षा वर्गात जाऊन सांगा.

निवृत्तीच्या तीन महिने आधीपासून एक पथ्य पाळा. प्रत्येक काम तुमच्यानंतर येणाऱ्या कनिष्ठ लिपिकानं वही उघडून करायचं, तुम्ही शेजारी बसायचं आणि तोंडी काही सांगायचं नाही. जिथं तो अडेल, तिथं वहीत ओळ कमी आहे. ती त्याच दिवशी त्याच्याच हातानं लिहून घ्या. वहीची झेरॉक्स मॅडमकडे द्या, मूळ वही पदभार यादीत क्रमांक टाकून चढवा.